उत्तरेच्या दलदलीतला पहिला हंगाम: वायू मोजण्याआधी वनस्पती वाचा

उत्तर स्वीडनमध्ये कीरुनाहून नार्विककडे जाणारी रेल्वे तोर्नेत्रेस्क या लांबलचक तळ्याच्या काठाकाठाने जाते. तळ्याच्या दक्षिण काठावर अबिस्को, आणि तिथून दहाएक किलोमीटर पूर्वेला स्टोरडालेनची दलदल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला इथे फारसं काही दिसत नाही. तपकिरी उंचवटे, त्यांच्यामध्ये ओलसर हिरवे पट्टे, कुठे उघडं पाणी, आणि जूनच्या शेवटी वाऱ्यावर हलणारे कापसासारखे पांढरे झुबके. पण पायाखाली हजारो वर्षांच्या वनस्पती अर्धवट कुजलेल्या अवस्थेत साठलेल्या असतात. या थराला पीट म्हणतात. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीट आहे, पण मातीतल्या एकूण कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश कार्बन त्यात अडकलेला आहे, आणि त्यातला बहुतेक साठा उत्तरेच्या थंड देशांत आहे.

अशी दलदल हवेतून किती कार्बन डायऑक्साइड घेते, किती परत देते आणि किती मिथेन सोडते, हे मोजायला दर उन्हाळ्यात नवी मुलंमुली येतात: स्वीडनमध्ये स्टोरडालेन आणि डेगेरो स्टोरमीर, फिनलंडमध्ये सीकानेवा, कॅनडात ओटावाजवळची मेर ब्लू. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मूळ मुद्दा आधीच सांगते. यंत्र चालवायला दोन दिवसांत येतं. वायू मोजायला जमिनीत बसवलेल्या चौकटीच्या आत काय उगवलंय ते ओळखायला अख्खा हंगाम लागतो, आणि यंत्राने दिलेल्या आकड्याचा अर्थ त्या वनस्पतींशिवाय लागत नाही.

मिथेन कुठे तयार होतो आणि कुठून निसटतो

पाण्याखालच्या पीटमध्ये ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथले सूक्ष्मजीव ऑक्सिजनशिवाय जगतात आणि त्यांच्या कामातून मिथेन तयार होतो. पाण्याच्या पातळीच्या वर, जिथे हवा शिरते, तिथे दुसरे जिवाणू हाच मिथेन खाऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात. म्हणजे पाणी जितकं खाली, तितका मिथेनला वर येताना जास्त पहारा. पाणी पृष्ठभागाला टेकलेलं असेल तर पहारा जवळजवळ नाहीच.

बाहेर पडायला मिथेनकडे तीन वाटा आहेत. एक, पाण्यातून आणि शेवाळातून हळूहळू झिरपत वर येणं. दोन, बुडबुडे होऊन एकदम सुटणं. हवेचा दाब उतरला की हे जास्त होतं. तीन, वनस्पतींमधून. पाण्यात उभ्या राहणाऱ्या लव्हाळ्यांच्या देठांत आणि मुळांत पोकळ्या असतात. मुळांना हवा मिळावी म्हणून त्या असतात, पण त्याच पोकळ नळ्यांमधून खालचा मिथेन जिवाणूंच्या पहाऱ्याला वळसा घालून थेट हवेत निघून जातो. एकाच चौकटीत दहा काड्या आहेत की साठ, याने मिथेनचा आकडा बदलतो. म्हणूनच वनस्पती मोजणं हे वायू मोजण्याचंच काम आहे.

शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट हवा तापवतो. त्यामुळे एखादी दलदल कार्बन साठवत असूनही हवामानावर तिचा परिणाम काय, हे दोन्ही वायू एकत्र मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

पहिली पायरी: परवानगी आणि पाऊलवाट

स्वीडन आणि फिनलंडमध्ये कुणालाही जंगलात, दलदलीत मोकळेपणाने फिरता येतं, बेरी वेचता येतात. या हक्काचा नवे लोक चुकीचा अर्थ लावतात. फिरणं वेगळं, शेवाळ उपटणं किंवा पीट खणणं वेगळं. त्यासाठी जमिनीच्या मालकाची परवानगी लागते, आणि राखीव क्षेत्रात नियम आणखी कडक असतात. स्वीडनमध्ये सगळ्या जंगली ऑर्किडना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ऑर्किडचं एकही फूल नमुना म्हणून खुडायचं नाही. अबिस्कोच्या परिसरात सामी लोकांचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे, रेनडिअर चरतात. कळप जवळ आला तर काम थांबवून शांत उभं राहा आणि त्यांना जाऊ द्या.

आता पाऊलवाटेबद्दल. हा या लेखातला सगळ्यात कोरडा भाग वाटेल, पण माझ्या मते मोजमापातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. दलदलीत एक पाऊल टाकलं की खालचं पीट दाबलं जातं आणि त्यातले बुडबुडे बाहेर येतात. तुम्ही चौकटीजवळ उभे राहिलात की तुमच्या वजनाने चौकटीतूनच मिथेन उसळतो आणि यंत्र तो इमानदारीने नोंदवतं. तो आकडा दलदलीचा नसतो, तुमच्या बुटाचा असतो. यासाठी जुन्या संशोधन स्थानकांवर लाकडी फळ्यांच्या वाटा असतात. फळी सोडून खाली उतरायचं नाही, एखादं सुंदर फूल चार हात लांब दिसलं तरी नाही. नवी जागा मांडत असाल तर चौकटी बसवण्याआधी फळ्या टाका, आणि त्या नुसत्या शेवाळावर न ठेवता खाली खुंट्या ठोकून त्यांवर टेकवा, म्हणजे वजन चौकटीपासून दूर जाईल. तुडवलेलं शेवाळ सावरायला वर्षं लागतात. जुन्या पायवाटा हवाई छायाचित्रांतही ओळखू येतात.

एकटं जायचं नाही. काठी सोबत ठेवा आणि पाय टाकण्याआधी खोली पाहा, कारण काही ठिकाणी हिरवा गालिचा दिसतो तो पाण्यावर तरंगणारा असतो आणि पाय ठेवताच हलतो. सुती कपडे भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात, लोकरीचे घाला. डासांचा फवारा यंत्राच्या हवा ओढणाऱ्या नळीपासून लांब, स्थानकावरच लावून या. तातडीच्या मदतीसाठी स्वीडन आणि फिनलंडमध्ये ११२ हा क्रमांक आहे. आणि झोप: अबिस्कोला मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. पहिल्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत काम करत राहावंसं वाटतं. करू नका. थकलेल्या हाताने लिहिलेली नोंदवही नंतर कुणालाच वाचता येत नाही.

दुसरी पायरी: एक दिवस यंत्राशिवाय

पहिला कोरडा दिवस मिळाला की नोंदवही, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक पट्टी घेऊन फळीवर पालथं पडा. एका चौकटीएवढा तुकडा निवडा आणि त्यातलं सगळं लिहून काढा. नावं येत नसतील तर चित्र काढा. अशा दिवशी जे शिकायला मिळतं ते महिनाभर यंत्रामागे धावून मिळत नाही.

सुरुवात स्फॅग्नमपासून करा. हे शेवाळ म्हणजे दलदलीचं शरीर आहे. त्याच्या पानांत मोठ्या, मेलेल्या, रिकाम्या पेशी असतात आणि त्यांत पाणी भरून राहतं. कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी ते धरू शकतं. मुळं नाहीत, टोकाकडून वाढत जातं आणि खालचा भाग मरून पीट होतो. स्वतःभोवतीचं पाणी ते आम्लधर्मी करतं, म्हणून कुजणं आणखी मंदावतं. प्रजाती ओळखताना आधी जागा पाहा, मग रंग. कोरड्या उंचवट्यावर घट्ट गादीसारखं तपकिरी दिसतं ते बहुधा स्फॅग्नम फस्कम. ओल्या सपाटीवर सैल, पिवळसर-तपकिरी असेल तर स्फॅग्नम बाल्टिकम. पाण्याच्या काठावर किंवा पाण्यातच, टोकाला ठसठशीत कळी असलेलं हिरवं-तांबूस असेल तर स्फॅग्नम लिंडबर्गी किंवा रिपेरियम. रंगावर एकट्याने विश्वास ठेवू नका. स्फॅग्नम वाळलं की फिकट पांढुरकं पडतं आणि सगळ्याच प्रजाती सारख्या दिसू लागतात. वाळलेल्या शेवाळाचं प्रकाशसंश्लेषणही घटतं, म्हणून शेवाळ पांढरं पडलं तर तो दिवस नोंदवहीत ठळक लिहा. संध्याकाळी कार्बन डायऑक्साइडचा आकडा विचित्र वाटला तर कारण तिथेच सापडेल.

मग कापूसगवतं. झुबक्यांमुळे सगळी एकच वाटतात, पण दोघींमधला फरक पहिल्याच दिवशी पक्का करा. एरिओफोरम व्हॅजिनाटम गड्डे करून वाढतं आणि त्याच्या काडीवर एकच झुबका असतो. एरिओफोरम अँगुस्टिफोलियम ओल्या जागी विखरून उगवतं, त्याच्या काडीला अनेक झुबके लोंबतात, आणि पानाचं टोक तीन कडांचं व बरेचदा तांबडं असतं. ते दिसलं की खाली पाणी जवळ आहे असं समजा, आणि मिथेनचा आकडा चढा येईल याची तयारी ठेवा. तशाच जागी केरेक्स रोस्ट्राटा भेटेल: निळसर हिरवी पानं, बाटलीच्या आकाराची फळं. तीन पानांचं, जाड देठाचं, झालर लावल्यासारख्या पांढऱ्या फुलांचं मेनियँथिस दिसलं तर ती जागा नुसत्या पावसावर जगत नाही. आजूबाजूच्या जमिनीतून क्षार घेऊन पाणी तिथे येतं. पाऊसपाण्यावरची आणि जमिनीच्या पाण्यावरची दलदल हा भेद इथे सगळ्यात मोठा आहे, आणि पुष्कळदा तो तुम्हाला एका वनस्पतीवरून कळतो.

उंचवट्यांवर बुटकी झुडपं. गोल, दातेरी, नाण्याएवढ्या पानांचं बेतुला नाना. काळ्या फळांचं एम्पेट्रम. पानाच्या खालच्या बाजूला गंजाच्या रंगाची लव आणि उग्र वास असेल तर ऱ्होडोडेंड्रॉन टोमेंटोसम. ते विषारी आहे, चघळून पाहू नका. आणि रुबस कॅमिमोरस, ज्याच्या बेरीसाठी अख्खी गावं ऑगस्टमध्ये दलदलीत उतरतात. स्वीडिश लोक तिला ह्योर्ट्रोन म्हणतात, फिनलंडमध्ये लाक्का किंवा हिल्ला. तिचं वेगळेपण असं की नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि फळ आधी लाल असतं, पिकलं की अंबरासारखं पिवळं होतं. आपल्या इतर फळांच्या सवयीने लाल दिसलं म्हणून तोडू नका. चौकटीतली तर पिकलेलीही तोडायची नाही. तुमच्या मोजमापाचा ती भाग आहे.

दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, हमखास दिसेल. गोल पानांचा आणि लांबट पानांचा, असे दोन्ही. वायूच्या हिशेबात त्याचं वजन नगण्य, पण कीटक खाऊन जगण्याची वेळ त्याच्यावर का आली हे त्याच्याकडे पाहून समजतं: या पाण्यात नायट्रोजन फारच थोडा आहे.

हे सगळं टक्क्यांत लिहायचं असतं: चौकटीचा किती भाग कोणी झाकलाय. दोघांनी स्वतंत्रपणे अंदाज करा आणि मग ताडून पाहा. सुरुवातीला पंधरा-वीस टक्क्यांचा फरक पडतो. तीन-चार आठवड्यांत तो कमी होतो. लव्हाळ्यांच्या बाबतीत टक्के पुरत नाहीत, काड्याच मोजा, हिरव्या वेगळ्या आणि सुकलेल्या वेगळ्या. पानांची लांबी-रुंदी हवी असेल तर चौकटीबाहेरच्या तशाच झाडांवर मोजा. शेवाळाची वाढ पाहायला वाकवलेली बारीक तार शेवाळात रोवून ठेवतात. वरचं टोक किती उघडं उरलं ते पट्टीने मोजलं की हंगामात शेवाळ किती चढलं ते कळतं. मला ही पद्धत अतिशय आवडते. एका तारेच्या तुकड्यात सगळं काम होतं.

तिसरी पायरी: कडं, पाणी आणि तापमान

चेंबर म्हणजे उपडा घातलेला डबा. तो थेट शेवाळावर ठेवला तर खालून हवा निसटते, म्हणून आधी जमिनीत कडं बसवतात, ज्याला सगळे कॉलर म्हणतात. आतापर्यंत जिला चौकट म्हटलं ती हीच. धारदार लांब सुरीने पीट कापत जा आणि त्या चिरेत कॉलर हळूच उतरवा. ठोकू नका. दहा ते वीस सेंटिमीटर खोली बहुतेक जागी पुरते. कापताना मुळं तुटतात, आणि तुटलेली मुळं कुजताना जास्तीचा वायू देतात, म्हणून त्याच दिवशी मोजायला बसू नका. काही आठवडे जाऊ द्या. आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बसवलेली कॉलर सगळ्यात उत्तम.

कॉलर कुठे बसवायची? जिथे फळीवरून हात सहज पोहोचतो तिथे, हा मोह सगळ्यांना होतो. त्याऐवजी उंचवटा, सपाटी आणि ओली खोलगट जागा या तिन्ही प्रकारांत किमान तीन-तीन कॉलर ठेवा. स्टोरडालेनमध्ये हा फरक फार स्पष्ट दिसतो. तिथल्या उंच कोरड्या भागांना पाल्सा म्हणतात. शब्द फिनिश आणि सामी भाषांतून विज्ञानात आला. पाल्साच्या पोटात बारमाही गोठलेली जमीन असते आणि तीच त्याला वर उचलून धरते. ती वितळली की पाल्सा खचतो, पाणी साचतं, आधी स्फॅग्नम आणि मग कापूसगवत येतं. १९७० ते २००० या काळात स्टोरडालेनमधल्या वनस्पतींची अशी अदलाबदल मोजून, सबंध दलदलीतून सुटणारा मिथेन त्यामुळे २२ ते ६६ टक्के वाढला असावा, असा अंदाज २००४ मध्ये मांडला गेला. हा अंदाज करता आला, कारण कुणीतरी सत्तरच्या दशकात वनस्पतींचा नकाशा नीट काढून ठेवला होता. आज तुम्ही लिहिलेली यादी कुणाच्या कामी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून अक्षर चांगलं काढा.

प्रत्येक कॉलरशेजारी भोकं पाडलेली नळी उभी रोवा. आत पाणी कुठवर आहे ते दर वेळी मोजा, आणि शून्य म्हणजे शेवाळाचा पृष्ठभाग हे ठरवून घ्या. एकाने नळीच्या तोंडापासून मोजलं आणि दुसऱ्याने शेवाळापासून, तर हंगामाअखेर सगळी पाणीपातळी निरुपयोगी होते. माझ्या पहिल्या हंगामात नेमकं हेच झालं आणि पाच आठवड्यांच्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या. मातीचं तापमान ५, १० आणि २० सेंटिमीटरवर घ्या. पाल्सावर पोलादी सळई खुपसून ती कुठे बर्फाला लागते तेही लिहा. उन्हाळा सरतो तशी ती खोली वाढत जाते.

चौथी पायरी: मोजमाप

आजकाल लेझरवर चालणारे, पाठीवर नेता येणारे अ‍ॅनालायझर मिळतात. ते दर सेकंदाला मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मोजतात. क्रम असा ठेवा.

यंत्र सुरू करून अर्धा तास तापू द्या. नळी मोकळ्या हवेत धरून आकडे पाहा. मिथेन २ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग) आसपास आणि कार्बन डायऑक्साइड ४२०-४३० च्या जवळपास दिसला पाहिजे. फार वेगळं दिसलं तर मोजायला सुरुवात करू नका, आधी नळी, फिल्टर आणि स्वतःची उभं राहण्याची जागा तपासा. श्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो, म्हणजे ४०,००० पीपीएम. वाऱ्याच्या उताराला उभे राहा, म्हणजे तुमचा श्वास चेंबरकडे जाणार नाही.

कॉलरच्या खोबणीत पाणी घाला. पाण्यानेच झाकण हवाबंद होतं. पारदर्शक चेंबर वाऱ्यात फिरवून आतली जुनी हवा काढा आणि मग सावकाश, तिरका न करता, खाली ठेवा. धाडकन ठेवला की दाबाने बुडबुडे सुटतात. आतला छोटा पंखा चालू आहे ना, दाब समान राखणारी बारीक नळी उघडी आहे ना, हे पाहा. घड्याळातली वेळ सेकंदासकट लिहा. तीन मिनिटं थांबा, पाचपेक्षा जास्त नको, कारण उन्हात डबा लवकर तापतो आणि झाडं गुदमरतात. उचला, हवा बदला, आणि आता काळं कापड टाकून तेच पुन्हा करा.

दोनदा का? पारदर्शक चेंबरमध्ये झाडं उजेडात असतात, म्हणून प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन दोन्ही चालू असतात. मिळतो तो निव्वळ हिशेब. अंधारात फक्त श्वसन उरतं, झाडांचं आणि मातीतल्या जिवांचं मिळून. दोन्हींतला फरक म्हणजे झाडांनी ओढून घेतलेला कार्बन डायऑक्साइड. हातात वेळ असेल तर मधे एक-दोन पातळ जाळ्या टाकून अर्धवट उजेडातही मोजा, म्हणजे उजेड वाढतो तसं प्रकाशसंश्लेषण कसं चढतं आणि कुठे थांबतं ते दिसेल. चेंबरमध्ये उजेड मोजणारा सेन्सर हवाच. मोजताना ढग आला तर तसं लिहा आणि शक्य असेल तर पुन्हा मोजा.

वेळेची एक गंमत लक्षात असू द्या. उन्हाळ्यात अबिस्कोला सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नाही, दुपारी पाऊणच्या सुमारास. स्थानकाचं घड्याळ, अ‍ॅनालायझरचं घड्याळ आणि तुमचा फोन सकाळी एकमेकांशी जुळवून घ्या. आठवड्यात चाळीस सेकंदांनी मागे पडलेलं यंत्र मी पाहिलंय. चेंबर ठेवल्याची वेळ त्याने पूर्ण चुकते.

पाचवी पायरी: रेघ वाचणं आणि हिशेब

चेंबर खाली असताना आलेखावर मिथेन सरळ रेघेत चढायला हवा. पहिले वीस-तीस सेकंद सोडून द्या, कारण ठेवतानाची गडबड त्यात असते. रेघ हळूहळू वाकून आडवी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. मधेच पायरीसारखी उडी दिसली तर तो बुडबुडा. फळीवर तुम्ही हललात म्हणून सुटला की आपोआप सुटला, ते त्याच क्षणी लिहा, नंतर आठवत नाही. आपोआप सुटलेला बुडबुडा ही खरी घटना आहे. तो पुसायचा नाही, वेगळी खूण करून ठेवायचा.

इथे एक फसगत सर्रास होते. रेघ किती नीट बसली याचा एक आकडा संगणक देतो, आणि तो कमी असेल तर मोजमाप टाकून द्यायचा नियम लोक लावतात. पण कोरड्या पाल्सावर मिथेन जवळजवळ हलतच नाही. रेघ आडवी, त्यामुळे तो आकडा कमीच येणार. असे सगळे आकडे टाकले की उरतात ते फक्त मोठे, आणि दलदल प्रत्यक्षापेक्षा जास्त मिथेन सोडते असं दिसू लागतं. शून्याजवळचं उत्तर हेही उत्तरच आहे. काही कोरड्या जागी तर मिथेन उलटा जमिनीत शोषला जातो.

आता एक हिशेब हाताने करून पाहा, संगणकावर सोडण्याआधी. समजा चेंबरचं घनफळ भागिले कॉलरचं क्षेत्रफळ, म्हणजे आतल्या हवेची उंची, ०.४ मीटर आहे. कॉलरचा शेवाळावर आलेला भाग यात धरायचा असतो, तो विसरू नका. मिथेन तीन मिनिटांत २.० वरून २.६ पीपीएमवर गेला: १८० सेकंदांत ०.६ पीपीएम, म्हणजे सेकंदाला ३.३३ पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग). १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाला एक घनमीटर हवेत सुमारे ४२.३ मोल असतात. ३.३३ गुणिले ४२.३ गुणिले ०.४ केलं की चौरस मीटरमागे सेकंदाला सुमारे ५६ नॅनोमोल मिळतात. एक मोल मिथेन १६ ग्रॅम आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ७८ मिलिग्रॅम. ओल्या, लव्हाळ्यांनी भरलेल्या जागेसाठी ही रक्कम पटण्यासारखी आहे. हीच रक्कम कोरड्या उंचवट्यावर आली तर चूक शोधायला बसा.

चिन्हाचा गोंधळ टाळा. वायू जमिनीतून हवेत गेला तर अधिक, हवेतून जमिनीत आला तर उणे, हा रिवाज बहुतेक जण पाळतात. तुमच्या गटात काय पाळतात ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

स्थानकावर एक उंच खांबही दिसेल. त्यावरचं यंत्र वाऱ्याची खालीवर हालचाल आणि हवेतला वायू सेकंदाला दहा-वीस वेळा मोजतं आणि त्यावरून दर अर्ध्या तासाची सरासरी काढतं. सीकानेवा आणि डेगेरोसारख्या जागी ते वर्षानुवर्षं चालू आहे. खांब सबंध दलदलीचं सांगतो, चेंबर अर्ध्या मीटरचं. दोन्ही आकडे जुळत नाहीत तेव्हा नवे लोक घाबरतात. आधी वारा कुठून होता ते पाहा: खांबाने त्या वेळी कोरडा भाग पाहिला की ओला? मग तुमच्या कॉलरमधली लव्हाळी सबंध दलदलीतल्या लव्हाळ्यांच्या प्रमाणात आहेत का ते पाहा. बहुतेक वेळा उत्तर या दोहोंतच निघतं, आणि ते शोधायला तुमची वनस्पतींची यादीच उपयोगी पडते.

रोज संध्याकाळी आणि हंगामाच्या शेवटी

संध्याकाळी जेवणाआधी माहिती दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि वहीच्या पानांचे फोटो काढा. पेन्सिलने लिहा, शाई ओल्या पानावर पसरते. प्रत्येक कॉलरचा वरून एक फोटो आठवड्यातून एकदा, त्याच उंचीवरून, शक्यतो ढगाळ उजेडात. हिरवाई कधी चढली आणि कधी उतरली हे त्यातून नंतर मोजता येतं.

ऑगस्टच्या शेवटी बेतुला नाना तांबडं होतं, लव्हाळी टोकाकडून सुकू लागतात, कार्बन डायऑक्साइडचे आकडे खाली येतात आणि सगळ्यांना घरी जावंसं वाटतं. मिथेन मात्र लगेच थांबत नाही, कारण खालचं पीट वरच्या हवेपेक्षा उशिरा गार होतं. ईशान्य ग्रीनलंडमधल्या झाकेनबर्गला मोजणाऱ्यांनी एका वर्षी यंत्रं नेहमीपेक्षा उशिरापर्यंत चालू ठेवली, तेव्हा जमीन गोठू लागल्यावर मिथेनचा मोठा लोट बाहेर येताना दिसला. ते निरीक्षण २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर बहुतेक गट त्याआधीच सामान आवरत असत. म्हणून गटप्रमुखांना विचारून निदान प्रत्येक प्रकारच्या जागेतली एक कॉलर बर्फ धरेपर्यंत मोजत राहा. त्या दिवसांत खोबणीतलं पाणी गोठतं आणि चेंबर चिकटून बसतो. ओढून काढू नका, कोमट पाण्याची बाटली सोबत न्या. नळ्यांची तोंडं झाका, काठीला रंगीत फीत बांधून प्रत्येक कॉलरची जागा खुणवा आणि तिची उंची शेवाळापासून मोजून लिहा. पुढच्या जूनमध्ये तिथे येणाऱ्याला बर्फाने कॉलर वर उचलली की नाही, हे त्याच एका नोंदीवरून कळणार असतं.